पत्त्याच्या पानाएवढा संगणक : सुरुवात कशी करावी?



या सत्रापासून आपल्या संगणक कक्षातल्या काचेच्या कपाटात सहा लहान डबे दिसू लागले आहेत. प्रत्येक डब्यात पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पाटी आहे. लांबी सुमारे ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही, झाकणही नाही. एखाद्या बिघडलेल्या रेडिओतून काढलेला भाग असावा असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु ही पाटी म्हणजे एक संपूर्ण संगणक आहे. तिचे नाव रास्पबेरी पाय. इंग्रजीत तिला बोर्ड म्हणतात. आम्ही वर्गात पाटीच म्हणतो, कारण तिच्यावर लिहायचे, पुसायचे आणि पुन्हा लिहायचे आहे.

या पाटीची सुरुवात कशी करायची, हा या लेखाचा मुख्य विषय आहे. पण पालकसभेत काही प्रश्न आले, आणि विश्वस्त मंडळापुढेही पुढच्या वर्षाच्या खर्चाचा विचार आहे : आठवीच्या सर्व मुलांना टॅबलेट द्यावेत, की या पाट्यांची संख्या वाढवावी? म्हणून ही पाटी काय आहे आणि कशासाठी आहे, हे आधी सांगतो.

ही पाटी आली कुठून?

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे, आणि येणाऱ्यांना संगणकाच्या आत काय चालते याची ओळखही पूर्वीपेक्षा कमी आहे. त्यांच्या आधीच्या पिढीतली मुले घरच्या साध्या संगणकावर स्वतः प्रोग्रॅम लिहून शिकली होती. नंतरचे संगणक चकचकीत झाले, महाग झाले, आणि ‘हात लावू नकोस, बिघडेल’ या वर्गात जाऊन बसले. मग मुलाने बिघडवला तरी घरात कोणी ओरडू नये इतका स्वस्त संगणक करावा, असे या मंडळींनी ठरवले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिली पाटी विक्रीला आली. किंमत होती ३५ डॉलर.

ज्या साध्या संगणकांची आठवण त्यांना होत होती, त्यांतला एक बीबीसी मायक्रो. एकॉर्न नावाच्या कंपनीने तो १९८१ साली बाजारात आणला. आपल्यापैकी काही पालकांना हे नाव आठवेल, कारण १९८४-८५ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ या नावाची शालेय संगणक योजना सुरू केली, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे अडीचशे शाळांत हेच बीबीसी मायक्रो आले होते. पुढे त्याच एकॉर्न कंपनीत एआरएम नावाच्या प्रोसेसरचा जन्म झाला. आज बहुतेक सगळ्या मोबाईलमध्ये आणि आपल्या कपाटातल्या पाट्यांतही त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर. पुस्तकी शिक्षणाबरोबर हाताला काम यावे, आणि ते आपल्या भाषेत शिकता यावे, असा त्यामागचा विचार होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. हीच संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाली. आणि याच विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतलेले एक मराठी गृहस्थ म्हणजे डॉ. विजय भटकर. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा भारताचा पहिला महासंगणक तयार झाला. परदेशातून अतिवेगवान संगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा सी-डॅकने एकच मोठा प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून काम भागवले. त्याचा वेग सेकंदाला शंभर कोटी गणितांच्या घरात होता. आपल्या कपाटातली एक पाटी आज त्याहून जास्त वेगाने गणिते करते. तेव्हाचे काम लहान होते असा याचा अर्थ मुळीच नाही. तेव्हा ते यंत्र उभे करावे लागले, आज ते आपल्याला आयते मिळते, एवढाच फरक आहे.

पालकांचे प्रश्न

‘घरात मोबाईल आहे, मग हे कशाला?’ हा पहिला प्रश्न. मोबाईल हा उत्तम संगणक आहे, पण तो आतून बंद आहे. त्यावर दुसऱ्यांनी केलेले कार्यक्रम पाहता येतात. त्याला दिव्याची तार जोडून दिवा लावता येत नाही, त्याची प्रणाली पुसून नवी घालायला कोणी मुलांना देत नाही, आणि देऊही नये. या पाटीचा सगळा संसार एका नखाएवढ्या कार्डावर असतो. मुलाने काही बिघडवले तर कार्ड पुसून अर्ध्या तासात ती पहिल्यासारखी होते. चूक करण्याची ही मोकळीक आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘याचे मार्क मिळणार का?’ नाही. बोर्डाच्या परीक्षेत या पाटीवर एकही प्रश्न येणार नाही, आणि तसे सांगून कोणाला भुलवण्याची आमची इच्छा नाही.

‘आम्ही घरी घ्यावी का?’ लगेच नको. पाटीबरोबर वीजपुरवठ्याचा अ‍ॅडॅप्टर, कार्ड, केबल, कीबोर्ड, माऊस हे सगळे लागते आणि त्याचा खर्च पाटीइतका सहज होतो. शिवाय किमती वरखाली होतात. २०२१-२२ च्या चिपटंचाईत पाट्या मिळतच नव्हत्या, आणि २०२५ च्या अखेरीस मेमरी महागल्यामुळे पाट्यांच्या किमतीही चढल्या. घरी जुना, संथ झालेला संगणक असेल तर त्यावर लिनक्स घालून पायथन शिकता येते. तेवढ्यासाठी नवीन काही विकत घेण्याची गरज नाही. मुलाचा रस दोन-तीन महिने टिकला, तर मग पाहावे. नुसता दिवा आणि मोटर चालवण्याची हौस असेल तर २०२१ साली आलेली पिको नावाची धाकटी पाटी पुरते. तिची सुरुवातीची किंमत अवघी ४ डॉलर होती. मात्र ती पूर्ण संगणक नव्हे. दुसऱ्या संगणकावर प्रोग्रॅम लिहून तिच्यात भरावा लागतो.

जोडणी

आपल्याकडे आहेत त्या रास्पबेरी पाय ४ जातीच्या पाट्या. डबा उघडला की पाटी कडांना धरून उचलायची. मधल्या काळ्या चिपांवर बोटे टेकवायची नाहीत. ती स्टीलच्या टेबलावर किंवा खिळे-स्क्रू पडलेल्या जागी कधीच ठेवायची नाही, कारण पाटीच्या खालच्या बाजूला उघडे डाग दिलेले असतात आणि धातू लागला की शॉर्टसर्किट होते. आम्ही प्रत्येक पाटीखाली जाड पुठ्ठा दिला आहे. मिठाईच्या रिकाम्या खोक्याची पेटी करण्याची कल्पना नववीतल्या एका गटाने काढली आणि ती चांगली आहे, मात्र खोक्याला वर आणि बाजूला भोके हवीत. ही पाटी काम करताना तापते. तिच्या प्रोसेसरचे तापमान ८० अंशांपर्यंत गेले की ती स्वतःच आपला वेग कमी करते. आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात ही वेळ लवकर येते, म्हणून पाट्यांवर छोटे उष्णताशोषक चिकटवले आहेत. ते काढू नयेत.

आता तारा. मॉनिटरसाठी पाटीवर दोन लहान खाचा आहेत. त्या नेहमीच्या एचडीएमआयपेक्षा बारीक आहेत. एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला नेहमीची पिन असलेली केबल डब्यातच आहे. पॉवरच्या खाचेशेजारची पहिली खाच वापरावी. घरी जोडणार असाल तर वेगळा मॉनिटर लागत नाही, एचडीएमआय असलेला टीव्ही चालतो. कीबोर्ड आणि माऊस यूएसबीत लावायचे. कार्ड पाटीच्या खालच्या बाजूला सरकवायचे, अक्षरे असलेली बाजू बाहेर ठेवून. वीज सगळ्यांत शेवटी.

विजेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सुरुवातीच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात. या पाटीला सुमारे ५ व्होल्ट दाबाने ३ अँपिअर प्रवाह देऊ शकणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. मोबाईलच्या चार्जरची पिन तिला बसते, म्हणून मुले तो लावतात आणि पाटी सुरूही होते. पण काम वाढले की दाब पडतो, पडद्याच्या कोपऱ्यात विजेची छोटी खूण दिसू लागते, आणि पाटी मध्येच बंद पडते किंवा कार्डावरचे लिखाण खराब होते. मूल मात्र समजते की आपल्या प्रोग्रॅममध्येच काही चुकले, आणि तासभर तिथे शोधत बसते. विजेची खूण दिसली की प्रोग्रॅमकडे पाहू नका, आधी अ‍ॅडॅप्टर आणि त्याची केबल पाहा. लांब, बारीक केबलमुळेही असेच होते.

पाटीला चालू-बंद करण्याचे बटण नाही. वीज दिली की ती सुरू होते. बंद करताना मात्र पडद्यावरच्या यादीतून ‘शटडाउन’ निवडायचे, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच प्लग काढायचा. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर लिहिलेले बिघडू शकते. वीज गेल्यावर कोणाचा दोष नाही, पण घंटा झाली म्हणून प्लग ओढणाऱ्याला आम्ही ओरडणार.

कार्ड तयार करणे

नवे कार्ड कोरे असते. त्यावर संगणकाची मूळ प्रणाली लिहावी लागते. त्यासाठी कक्षातल्या मोठ्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ नावाचा कार्यक्रम घातला आहे. तो तीन गोष्टी विचारतो : पाटी कोणती, प्रणाली कोणती, आणि लिहायचे कुठे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना दोनदा पाहा. जे निवडाल ते पूर्ण पुसले जाते, आणि त्या वेळी संगणकाला कोणाचा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर त्याचेही नाव यादीत दिसते. कार्ड १६ जीबीचे चालते, ३२ असले तर उत्तम.

यानंतर नाव आणि परवलीचा शब्द विचारला जातो. पूर्वी सगळ्या पाट्यांना एकच ठरलेले नाव आणि एकच शब्द असे, तो साऱ्या जगाला ठाऊक होता. २०२२ पासून ती पद्धत बंद झाली, हे बरे झाले. प्रत्येक गटाने आपले नाव-शब्द ठरवून वहीत लिहावे. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा कीबोर्ड बंद पडला असे समजू नये.

कीबोर्डचीच आणखी एक गंमत. ‘अ‍ॅट’चे चिन्ह दाबले आणि दुहेरी अवतरणचिन्ह उमटले, तर पाटी स्वतःला इंग्लंडमध्ये समजते आहे! तिकडच्या कीबोर्डवर या दोन चिन्हांच्या जागा उलट आहेत. सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड भारताचा किंवा अमेरिकेचा निवडला की काम झाले.

पहिला दिवा

पाटीच्या एका कडेला ४० टाचण्या दोन रांगांत उभ्या आहेत. यांच्यातून पाटी बाहेरच्या जगाशी बोलते. यूएसबीपासून दूरच्या कोपऱ्यातून मोजायला सुरुवात करायची. आतल्या रांगेत विषम क्रमांक, कडेच्या रांगेत सम. आपल्याला दोनच लागतात : ६ क्रमांकाची टाचणी, म्हणजे जमीन किंवा ग्राउंड, आणि ११ क्रमांकाची, जिला प्रोग्रॅममध्ये १७ म्हणतात. एकाच टाचणीला दोन क्रमांक का? पहिला तिच्या जागेचा, दुसरा चिपच्या आतल्या तारेचा. जसे आपल्या गल्लीत घराला म्युनिसिपालिटीचा नंबर एक असतो आणि वीजमीटरचा दुसरा. प्रत्येक गट पहिल्या दिवशी इथे अडखळतो, तेव्हा टाचण्यांचा नकाशा शेजारी ठेवूनच काम करावे.

एक लाल एलईडी घ्या. तिचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. लांब पायाला ३३० ओहमचा रेझिस्टर जोडून तार ११ क्रमांकाला, आखूड पायाची तार ६ क्रमांकाला. रेझिस्टरवर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात. रेझिस्टर कशाला? दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम आहे, त्याचाच हा उपयोग. टाचणी ३.३ व्होल्ट देते. लाल एलईडी स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट घेते. उरले १.३. त्याला ३३० ने भागा : सुमारे ०.००४ अँपिअर, म्हणजे ४ मिलिअँपिअर. दिवा नीट दिसतो आणि टाचणीवर ताण येत नाही. रेझिस्टर नसेल तर प्रवाह नको तितका वाढतो, आणि एलईडी किंवा पाटीची टाचणी यांपैकी काहीतरी जाते.

आणि ही गोष्ट सर्वांनी पाठ करावी : या टाचण्या ३.३ व्होल्टच्या आहेत. शेजारीच २ आणि ४ क्रमांकांवर ५ व्होल्ट आहेत. ते ५ व्होल्ट चुकून ११ सारख्या टाचणीला लागले तर पाटी कायमची जाऊ शकते. वर म्हटले की कार्ड पुसले की सगळे पहिल्यासारखे होते, ते प्रोग्रॅमच्या चुकांबद्दल. तारेच्या चुकीला पुसण्याची सोय नाही. म्हणून तारा जोडताना वीज बंद, जोडून झाल्यावर गटातल्या दुसऱ्या मुलाने तपासायचे, आणि मगच प्लग.

प्रोग्रॅम सहा-सात ओळींचा आहे. त्याचे मोठ्या अक्षरांतले पान कक्षाच्या फलकावर लावले आहे. त्यात पायथन भाषेला आधी दोन तयार अवजारे आणायला सांगितले आहे, एक दिव्यासाठी आणि एक थांबण्यासाठी. मग १७ क्रमांकाच्या तारेला एक नाव दिले आहे. शेवटी एक न संपणारा फेरा आहे : लाव, एक सेकंद थांब, विझव, एक सेकंद थांब. दिवा लुकलुकू लागला की थांबण्याचा वेळ बदलून पाहा. एका सेकंदाचा शंभरावा भाग केलात तर दिवा सतत लागलेला आणि थोडा मंद दिसेल. तो विझतो आहेच, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही.

दिव्याला ‘दिवा’ म्हणता येते

फलकावरच्या पानात त्या तारेचे नाव इंग्रजीत नाही. तिथे देवनागरीत ‘दिवा’ असे लिहिले आहे. हे पाहून एका पालकांनी विचारले की मुलांना समजावे म्हणून हे असे छापले आहे का. नाही, प्रोग्रॅम असाच चालतो. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे कोणत्याही लिपीत देता येतात. आज्ञांचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, परंतु आपण ज्यांना नावे देतो ते सारे मराठीत लिहिता येते. प्रोग्रॅम कोणाला ‘१७’ असा देवनागरी आकडा विचारून घेतो तेव्हा पायथन त्याची संख्याही बरोबर करते. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र आकडे इंग्रजीच लिहावे लागतात.

पुढे मोठ्या कंपनीत काम करताना इंग्रजी नावेच द्यावी लागतील, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सातवीतल्या मुलाला एकाच दिवशी नवी भाषा, नवी तार आणि नवा विचार हे तिन्ही शिकवू नयेत. नाव आपले असले की विचाराकडे लक्ष राहते. महाराजांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांना देशी प्रतिशब्द देणारा कोश १९३१ साली निघाला होता. त्यामागची तळमळ याहून वेगळी नव्हती.

देवनागरी लिहिण्यासाठी आपण पाट्यांवर इन्स्क्रिप्ट मांडणी घातली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. पहिला आठवडा जड जातो. पण आपल्या बडोदेकर मुलांसाठी तिचा मोठा फायदा असा की हीच मांडणी गुजरातीलाही आहे. ज्या कळीवर मराठीचा ‘क’ त्याच कळीवर गुजरातीचा ‘क’. घरी मराठी, गल्लीत गुजराती बोलणाऱ्या मुलाला एकदाच शिकून दोन्ही लिपी लिहिता येतात.

पुढचे काम : वर्गाचे तापमान

दिवा लावून झाला की पाटी कपाटात जाऊन धूळ खाऊ लागते, हा सगळीकडचा अनुभव आहे. म्हणून पुढचे काम आधीच ठरवले आहे. वरच्या मजल्यावरचे पत्र्याखालचे दोन वर्ग आणि तळमजल्यावरचा एक, अशा तीन ठिकाणी पाट्या ठेवून मार्च-एप्रिलमध्ये दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवायचे. वरचे वर्ग तापतात हे सगळेच म्हणतात. किती तापतात, कोणत्या तासाला, पंखे लावल्याने फरक पडतो का, हे कोणी मोजलेले नाही.

यासाठी तीन पायांचा एक तापमापक मिळतो, त्याचे नाव डीएस१८बी२०. जुन्या पुस्तकांतला एलएम३५ या पाटीला थेट जोडता येत नाही. तो कमीजास्त व्होल्ट देतो, आणि या पाटीला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते. डीएस१८बी२० आपले उत्तर आकड्यांतच पाठवतो. त्याचा एक पाय ३.३ व्होल्टला, एक जमिनीला, मधला ७ क्रमांकाच्या टाचणीला, आणि मधल्या पायापासून ३.३ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. शिवाय सेटिंगमध्ये ‘वन-वायर’ ही सोय चालू करावी लागते.

या मापकात अर्ध्या अंशापर्यंत फरक असू शकतो. तेव्हा मोजणीपूर्वी तिन्ही मापक वितळणाऱ्या बर्फाच्या एकाच भांड्यात बुडवून पाहायचे. तिथे शून्य यायला हवे. जो जेवढा चुकतो तेवढे त्याच्या नावापुढे लिहून ठेवायचे. यासाठी धातूच्या नळीत बंद केलेले, पाण्यात चालणारे मापक घेतले आहेत. हे न करता दोन वर्गांतला अर्ध्या अंशाचा फरक कोणी भिंतीवर लावला, तर तो आम्ही उतरवू.

दुसरी अडचण वेळेची. पाय ४ मध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट असले की ती वेळ विचारून घेते. ते नसताना वीज गेली आणि आली, तर पाटी जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागते, आणि दुपारी दोनचे तापमान सकाळच्या रकान्यात जाऊन बसते. यासाठी घड्याळाचे छोटे उपकरण जोडता येते. ते येईपर्यंत प्रत्येक वर्गातला एक मॉनिटर सकाळी आणि मधल्या सुट्टीत पाटीवरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून वहीत सही करेल.

या नोंदी विश्वस्त मंडळापुढे ठेवल्या जातील. पत्र्याखाली छत घालायचे की नाही, हा मंडळाचा निर्णय आहे. मुलांनी फक्त आकडे आणायचे आहेत, सोयीचे असोत वा नसोत.

सहापैकी एक पाटी ग्रंथालयासाठी ठेवली आहे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि बडोदे राज्यात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. ग्रंथालय गावात नसेल तर पेटीने गावात जावे, अशी ती योजना. किविक्स नावाच्या मोफत कार्यक्रमाने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका कार्डावर उतरवता येतो, आणि पाटीच्या स्वतःच्या वाय-फायवरून आसपासच्या मुलांना इंटरनेटशिवाय वाचता येतो. शाळेच्या सहलीला ही पेटी बरोबर न्यावी असा विचार आहे. ती उतरवण्याचे काम आठवीच्या मुलींच्या गटाकडे आहे.

विश्वस्त मंडळास विनंती

२०११ साली ‘आकाश’ या टॅबलेटची देशभर चर्चा होती. त्याचीही किंमत विद्यार्थ्यांसाठी ३५ डॉलरच्या आसपास सांगितली गेली होती. पुढच्याच वर्षी त्याच किमतीची ही पाटी आली. आकाश आज कुठे वापरात दिसत नाही, ही पाटी आहे. यंत्राचा दर्जा हे एक कारण होतेच. पण आमच्या मते आणखी एक कारण असे की टॅबलेट मुलाला वाचक-प्रेक्षक म्हणून बसवतो, आणि प्रेक्षकाला उद्या दुसरा पडदा मिळाला की पहिला नकोसा होतो.

टॅबलेटला आमचा विरोध नाही. ज्यांच्या घरी अभ्यासाला काहीच साधन नाही अशा मुलांसाठी ते घ्यावेत. परंतु आठवीच्या सर्वांना सरसकट देण्याऐवजी त्यातला काही भाग आणखी सहा पाट्या, अ‍ॅडॅप्टर आणि मापकांसाठी द्यावा, अशी विनंती आहे. वीज फारशी लागणार नाही. एक पाटी साधारण ३ ते ७ वॅट घेते, म्हणजे एका साध्या एलईडी बल्बाएवढी. याहून मोठी मागणी वेळेची आहे. आठवड्यातला एक तास आणि त्या तासाला दोन शिक्षक. सहा गटांना एक शिक्षक पुरत नाही. एकाची तार तपासेपर्यंत दुसऱ्याचा प्लग लागलेला असतो.

ज्या पालकांना इलेक्ट्रॉनिक्सचे किंवा तारकामाचे ज्ञान आहे, आणि बडोद्यात असे लोक पुष्कळ आहेत, त्यांनी शनिवारी अकरा ते साडेबारा या वेळेत येऊन एखाद्या गटाबरोबर बसावे. आजोबांपैकी कोणी रेडिओ दुरुस्त केलेले असतील तर त्यांचे विशेष स्वागत आहे. नावे संगणक कक्षात द्यावीत. डबे वरच्या फळीवरच ठेवले जातील. विश्वामित्रीला ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पुरानंतर खालची फळी आपण कोणत्याही यंत्रासाठी वापरत नाही. किल्ली सातवी ‘अ’च्या वर्गशिक्षकांकडे मिळेल.